स्टेशन, स्टँड, स्टूल आणि ठाणे

इंग्रजीत ‘स्ट’ने सुरू होणारे इतके छोटे छोटे शब्द आपल्या ‘स्थान’, ‘स्थिर’, ‘स्थापना’ यांच्यासारखे का वाटतात?

मुलुंड, बोरिवलीकडच्या घराघरांत हा प्रश्न निघतो. पहिली-दुसरीतलं मूल वहीत एस आणि टी या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द उतरवून आणतं: स्टँड, स्टे, स्टॉप, स्टूल, स्टोव्ह, स्टार, स्टोरी, स्ट्रीट. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं, त्यामुळे अशा याद्या आता प्रत्येक घरात असतात. आजोबा ती वही पाहतात आणि म्हणतात, “अरे, हे तर सगळं आपलंच. स्थान, स्टेशन, तारा, स्टार. इंग्रजी संस्कृतातूनच निघाली.” आईला ते पटत नाही. तिच्या मते हा निव्वळ योगायोग आहे, पोराने स्पेलिंग पाठ करावं आणि पुढे जावं.

दोघांचंही म्हणणं तसंच्या तसं धरता येत नाही. आजोबांना जे दिसलं ते खरं आहे, पण त्याचं त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. आईची शंका रास्त आहे, कारण यादीतले काही शब्द खरोखरच योगायोगाने शेजारी आले आहेत. कोणते शब्द नात्यातले आणि कोणते नुसते शेजारी, हे ओळखायची पद्धत गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत पक्की झाली आहे. ती समजून घ्यायला उपनगरातला कुठलाही स्टेशनरोड पुरतो.

१. आडनाव एक, घर एक नाही

एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या प्रवेशद्वाराजवळ सभासदांच्या नावांचा फळा असतो. त्यावर चार पाटील दिसतात. त्यातले दोन सख्खे भाऊ निघतात, तिसरे खानदेशातले, चौथे कोल्हापूरकडचे. फळ्यावरची अक्षरं सारखी आहेत, एवढ्यावरून नातं ठरत नाही. ते ठरवायचं तर कोण कुठल्या गावचं, आजोबा-पणजोबा कोण, हे विचारावं लागतं.

शब्दांचंही असंच आहे. शब्दाची आजची अक्षरं पाहायची नाहीत, त्याचं सर्वांत जुनं सापडणारं रूप पाहायचं. मग त्या रूपाचा अर्थ आजच्या अर्थापर्यंत कसा आला ते पाहायचं. आणि शेवटी, दोन भाषांतला जो उच्चारफरक आपण गृहीत धरतो आहोत तोच फरक इतर शब्दांतही नियमाने दिसतो का, हे तपासायचं. ही तिसरी कसोटी सगळ्यांत कडक असते. पहिल्या दोन कसोट्यांत गोड वाटणारी कितीतरी नाती तिथे तुटतात.

२. स्था आणि स्टँड

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की ते योगायोगाने आलेलं नसून या भाषा कुठल्यातरी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा आता कदाचित उरलेलीही नसेल, असं त्यांनी मांडलं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जोन्स संस्कृतला लॅटिनची आई म्हणत नव्हते, त्यांच्या मते त्या बहिणी होत्या.

त्या मूळ भाषेला आज अभ्यासक ‘आद्य भारत-युरोपीय’ भाषा म्हणतात. ती लिहिली गेली नाही. सुमारे पाच ते सहा हजार वर्षांपूर्वी ती बोलली जात असावी, आणि तिच्या मुलीबाळींची तुलना करून तिचे शब्द पुन्हा जुळवले गेले आहेत. त्यात ‘उभं राहणे’ या अर्थाचा एक धातू होता. संस्कृतात त्याचा ‘स्था’ झाला, लॅटिनमध्ये ‘स्तारे’, जुन्या इंग्रजीत ‘स्टांडन’, म्हणजे आजचा ‘स्टँड’.

म्हणून आजोबांचं वाक्य थोडं बदलून घ्यावं लागतं. स्टँड हा शब्द स्थापासून निघालेला नाही, ती दोघं भावंडं आहेत. हे बारीक वाटेल, पण इथेच बरीच गल्लत होते. भाऊ म्हटलं की दोघांनाही आपापला वेगळा प्रवास मिळतो. बाप म्हटलं की मुलाचा प्रत्येक गुण बापाच्या खात्यावर टाकायचा मोह होतो, आणि मग कुठलाही इंग्रजी शब्द ओढूनताणून संस्कृतला जोडला जातो.

३. ‘स’च्या आडोशाला राहिलेला ‘त’

आता एक अडचण. इंग्रजी आणि संस्कृत भावंडं असतील, तर त्यांचे शब्द सगळीकडे असे उघड जुळायला हवेत. तसे ते जुळत नाहीत. ‘पितृ’ला इंग्रजीत फादर आहे, ‘पाद’ला फूट, ‘त्रि’ला थ्री, ‘तृण’ला थॉर्न, ‘द्वि’ला टू, ‘दश’ला टेन. सुरुवातीचं व्यंजन प्रत्येक ठिकाणी बदललं आहे.

पण ते मनमानी बदललेलं नाही. ओळी पुन्हा वाचल्या की घडी दिसते: प जिथे होता तिथे फ आला, त जिथे होता तिथे थ, द जिथे होता तिथे ट. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ही अदलाबदल मांडली. ती आज ग्रिमचा नियम म्हणून ओळखली जाते. हे ग्रिम म्हणजे भावाबरोबर परीकथा गोळा करणारेच ग्रिम.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि आपल्या यादीचं रहस्य त्या अपवादात आहे. मूळ ‘त’च्या आधी ‘स’ असेल, तर तो ‘त’ बदलत नाही. ‘स’च्या आडोशाला तो हजारो वर्षं जागच्या जागी राहिला. म्हणून त्रि आणि थ्री यांचं नातं सहज ओळखू येत नाही, पण स्था आणि स्टँड यांचं येतं. इंग्रजी शब्दकोशाच्या इतर पानांपेक्षा एस-टीच्या पानांवर मराठी माणसाला जास्त ओळखीचे चेहरे दिसतात, ते यामुळे.

आपण देवनागरीत इथे ‘ट’ लिहितो, कारण इंग्रजीचा तो वर्ण आपल्या कानाला ‘ट’सारखा वाटतो. मुळात तो ‘त’च्याच जागेवरचा आहे.

४. एकच धातू, मराठीत येण्याच्या अनेक वाटा

इथून पुढे प्रकरण खरं रंगतं. हा ‘उभं राहणे’वाला धातू मराठीत एकदा आला नाही. तो निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या वाटांनी, वेगवेगळे कपडे घालून येत राहिला, आणि ती सगळी रूपं आज उपनगरात एकत्र नांदतात.

सर्वांत जुनी वाट प्राकृताची. संस्कृत ‘स्थान’ लोकांच्या तोंडी ‘ठाण’ झालं आणि त्यातून ठाणं, ठाण मांडणे, ठाणे हे शब्द आले. मुलुंडच्या पुढचं स्टेशन ठाणे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत या गावाचं नाव श्रीस्थानक असं येतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटरचं अंतर कापून याच गावी पोचली. आजचं घाटकोपर, भांडुप, मुलुंड ज्या मार्गावर आहेत, त्याच मार्गाने ती गेली. त्या गाडीबरोबर आलेला ‘स्टेशन’ हा शब्द एका अर्थी आपल्या फार दूरच्या चुलतभावाच्या गावी उतरला, आणि दोघांनाही ओळख पटली नाही.

दुसरी वाट थेट संस्कृतातून, पंडितांच्या हातून. स्थान, स्थिर, स्थिती, अवस्था, संस्था, व्यवस्था, प्रतिष्ठा, आणि रेल्वेच्या पाटीवरचं ‘स्थानक’. हे शब्द झिजलेले नाहीत, कारण ते तोंडातोंडी न येता पोथीतून उचलले गेले. एकाच मुळाचे ठाणे आणि स्थानक असे दोन शब्द मराठीत का, याचं उत्तर एवढंच आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीपर्यंत कसे उतरले याची तपशीलवार मांडणी आहे. मराठी शाळेत खरं तर यातली दोन-चार पानं तरी वाचून दाखवायला हवीत.

तिसरी वाट फारसीची. फारसीत ‘स्तान’ म्हणजे जागा, प्रदेश. संस्कृत ‘स्थान’चं हे इराणी भावंड. हिंदुस्तान, कब्रस्तान यांतला स्तान तो हाच. १९४३ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोक कुमार वगैरे मंडळींनी गोरेगावात नवा स्टुडिओ काढला आणि त्याला नाव दिलं फिल्मिस्तान. पुढे कमाल अमरोहींनी अंधेरीकडे स्वतःचा स्टुडिओ उभारला, तो कमालिस्तान. पहिल्या नावात अर्धा इंग्रजी शब्द, अर्धा फारसी, आणि फारसी अर्ध्यामागे तोच धातू.

चौथी वाट लॅटिनमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. लॅटिन ‘स्तातिओ’ म्हणजे उभं राहण्याची जागा. रोमन काळात पहाऱ्याच्या चौकीलाही हा शब्द वापरत. त्यातून इंग्रजी स्टेशन आला. रेल्वे त्याच्या आयुष्यात फार उशिरा आली, पहाऱ्याची चौकी आधीची. मराठीत ‘ठाणं’ या शब्दाचाही एक जुना अर्थ लष्करी चौकी हाच आहे. मुलुंडला किंवा बोरिवलीला चौकीबाहेरच्या पाटीकडे पाहा. मराठीत ‘पोलीस ठाणे’, इंग्रजीत ‘पोलीस स्टेशन’. कुणीतरी बसून केलेलं भाषांतर म्हणून आपण ते वाचतो. प्रत्यक्षात दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, आणि ‘उभं राहण्याची जागा’ ते ‘पहारेकऱ्यांची जागा’ हा अर्थाचा प्रवास दोघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळा केला आहे. या प्रकरणातलं हे सगळ्यांत सुंदर उदाहरण आहे असं मला वाटतं.

लॅटिनच्याच वाटेने स्टेट, स्टेटस, स्टॅच्यू, स्टेज, स्टेबल आणि स्टे आले. बोरिवलीला नॅन्सी कॉलनीत ज्या एसटीच्या गाड्या लागतात, त्या ‘एसटी’मधला एस म्हणजे स्टेट. तोही याच घरातला.

पाचवी वाट इंग्रजीची स्वतःची, जर्मन भाषांशी तिला जोडणारी. स्टँड आणि स्टूल हे शब्द लॅटिनकडून उसने घेतलेले नाहीत, ते इंग्रजीत मुळापासूनच होते. स्टूल म्हणजे जे स्थिर उभं राहतं ते. उपनगराला स्टँड हा शब्द जास्त जवळचा आहे, कारण मुंबईत रिक्षा उपनगरांतच चालते, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला तिला परवानगी नाही. रिक्षा स्टँडवर रांग लावून उभी असलेली माणसं त्या शब्दाचा पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ रोज सकाळी जसाच्या तसा वापरत असतात.

५. इस्टेशन म्हणणारी आजी

जुनी माणसं इस्टेशन म्हणतात, इस्कूल म्हणतात, इस्टूल म्हणतात. कुणी ‘ठेसन’ म्हणतं. नातवंडं हसतात, आणि घरातल्या कुणी ते हसणं थांबवत नाही. थांबवायला हवं. आजीची जीभ जे करते ते अडाणीपणाचं नाही. ते जगातल्या फार मोठमोठ्या भाषांनी केलेलं आहे.

शब्दाच्या अगदी सुरुवातीला ‘स’ आणि त्याला चिकटून दुसरं व्यंजन आलं, की उच्चाराला थोडी अडचण होते. काही भाषा आधी एक छोटा स्वर टेकू म्हणून लावतात. लॅटिन बोलणाऱ्यांनी उत्तरकाळात हेच केलं, आणि तिच्या मुलींनी ती सवय कायम ठेवली. स्पॅनिशमध्ये स्टेशनला ‘एस्तासिऑन’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ आजीचाच उच्चार. फ्रेंचने आणखी एक पाऊल टाकलं. तिने आधी ‘ए’ लावला आणि मग ‘स’च गाळून टाकला. लॅटिन ‘स्तातुस’ तिथे ‘एस्तात’ झाला आणि पुढे ‘एता’.

इंग्रजीने फ्रेंचकडून शब्द घेतले ते ‘स’ गळण्याआधी. म्हणून तिच्याकडे एकाच शब्दाची दोन रूपं साठली: एक स्टेट, दुसरं इस्टेट. माणसाची अवस्था, मग त्याचा दर्जा, मग दर्जा ज्यावर ठरतो ती जमीनजुमला-मालमत्ता, असा इस्टेटचा अर्थ सरकला. मराठीत ‘त्यांची गावाकडे मोठी इस्टेट आहे’ असं आपण सहज म्हणतो. त्या इस्टेटमधला ‘इ’ आणि आजीच्या इस्टेशनमधला ‘इ’ एकाच कारणाने आलेले आहेत. एकाला कोर्टकचेरीत मान मिळाला, दुसऱ्याला घरात हसू.

‘एस्टॅब्लिश’ हा शब्दही असाच, स्टेबलच्या आधी टेकू लागलेला. स्थिर आणि स्थापना यांच्यात जे नातं, तेच स्टेबल आणि एस्टॅब्लिश यांच्यात.

६. फळ्यावरचे इतर पाटील

आता वहीतले नात्याबाहेरचे शब्द. इथे आईची बाजू वरचढ ठरते.

स्टॉप. बस उभी राहते ती जागा म्हणजे बसस्टॉप, तेव्हा हा शब्द ‘उभं राहणे’मधूनच आला असणार असं कुणालाही वाटेल. पण त्याचं जुनं रूप वेगळीच गोष्ट सांगतं. लॅटिन ‘स्तुप्पा’ म्हणजे जवसाच्या झाडाचा भरड तंतू, आपल्या काथ्यासारखा. त्याचा बोळा करून भोक बुजवायचं. बहुतेक कोशकारांच्या मते इंग्रजी स्टॉप या बोळ्यातून आला. जुन्या इंग्रजीत हा शब्द कान बुजवण्यासाठी वापरलेला सापडतो, म्हणजे आपण कानात बोळे घालतो तो प्रकार. भोक बुजवलं की पाणी थांबतं, पुढे काहीही थांबलं तरी तोच शब्द चालू लागला. बसस्टॉपचं उभं राहण्याशी नातं अर्थाने जुळलं, रक्ताने नाही.

बेस्टच्या खांबावर मराठीत ‘बस थांबा’ असतं. थांबणे हे क्रियापद संस्कृत ‘स्तंभ्’पासून आलं, ज्याचा अर्थ रोखून धरणे, आधार देणे. गंमत अशी की थांब्याचं नातं स्टॉपशी नाही, पण क्रिकेटच्या स्टंपशी असावं असं अनेक अभ्यासक मानतात. सुरुवातीचा भाग नियमाने जुळतो. शेवटचं व्यंजन मात्र तंतोतंत जुळत नाही, म्हणून इथे सावध कोशकार ‘बहुधा’ लिहितात. आपणही तेवढंच म्हणू.

स्टे आणि स्थगिती. पुनर्विकासाच्या भांडणात “कोर्टाचा स्टे आणला” हे वाक्य उपनगरात प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. मराठीत त्याला स्थगिती. अर्थ तोच, सुरुवातही सारखी. तरी हे दोन शब्द नात्यात नाहीत. स्टे लॅटिन ‘स्तारे’चा, म्हणजे स्थाच्या घरातला. स्थगिती ‘स्थग्’ या धातूची, आणि त्याचा मूळ अर्थ झाकणे. अर्थही जुळतो, अक्षरंही जुळतात, आणि तरीही नातं नाही. केवळ कानावर विश्वास ठेवून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं.

स्टोरी. गोष्ट या अर्थाचा हा शब्द मुळात एस-टीने सुरूच होत नव्हता. ग्रीक ‘हिस्तोरिया’ म्हणजे चौकशी करून मिळवलेलं ज्ञान. त्याचा पुढचा ‘हि’ वाटेत गळून पडला आणि उरलेला भाग आपल्या यादीत येऊन बसला. हिस्तोरियाचा धातू ‘जाणणे’ या अर्थाचा, संस्कृत ‘विद्’चा सख्खा. म्हणजे स्टोरीला शोधायचं तर वेद आणि विद्येच्या घरी जावं लागतं. इमारतीच्या मजल्यालाही इंग्रजीत स्टोरीच म्हणतात. तो शब्द ऐकून ‘हा आपला स्तर’ असं म्हणायचा मोह होतो, पण तोही हिस्तोरियाचाच आहे. बहुधा इमारतींच्या दर्शनी भागावर मजल्यामजल्याने चितारलेल्या कथांवरून तो आला.

स्टोव्ह हा उबदार खोलीचा, न्हाणीघराचा शब्द. त्याचाही उभं राहण्याशी संबंध नाही.

आणि वहीत नसलेला एक शब्द, स्टेपनी. रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असणारा हा शब्द इंग्लंडमध्ये आज फारसा कुणाला कळत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारीचं जादा चाक बनवायला सुरुवात केली आणि रस्त्याचं नाव चाकाला दिलं. कंपनी गेली, शब्द भारतात राहिला. विशेषनामातून आलेल्या अशा शब्दाला ध्वनिनियम लावायला गेलं की हाती काहीच लागत नाही, तिथे कागदपत्रंच पाहावी लागतात.

७. स्ट्रीट आणि पथारी

स्ट्रीट आणि स्टार नात्यातले आहेत, पण वेगळ्या घरांतले. स्टार आणि तारा यांचा मूळ धातू एक. संस्कृतात ‘तारा’मधला ‘स’ हरवला, तरी ऋग्वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृ’ असं ‘स’सह रूप सापडतं. यात आजोबा पूर्ण बरोबर होते.

स्ट्रीट अधिक रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘विआ स्त्राता’ म्हणजे दगड अंथरलेला, फरसबंद रस्ता. पुढे ‘विआ’ गळला, ‘स्त्राता’ उरला, त्याचा स्ट्रीट झाला. ‘स्त्राता’चा धातू म्हणजे पसरणे, अंथरणे. संस्कृतात हाच धातू ‘स्तृ’. त्यातून विस्तार आला, स्तर आला. आस्तरणाचं मराठीत अंथरूण झालं. ‘प्रस्तर’चा पत्थर आणि फत्तर झाला, आणि त्यातूनच पथारीही आली. इंग्रजीतला स्ट्रॉ, म्हणजे जमिनीवर पसरायचं वाळलेलं गवत, तोही याच घरातला. शहाळ्यात घालायची नळी पूर्वी अशाच पोकळ काडीची असे, म्हणून तिला स्ट्रॉ म्हणतात.

घाटकोपर स्टेशनबाहेर संध्याकाळी पाहावं. माणूस गाठोडं सोडतो, प्लास्टिकचा कागद झटकतो, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवतो, आणि त्यावर मोजे, चाळण्या, मोबाइलची कव्हरं मांडतो. त्याला आपण पथारीवाला म्हणतो. पथावर बसतो म्हणून पथारीवाला, असं बहुतेकांना वाटतं. पण पथारीचा ‘पथ’शी संबंध नाही, ती अंथरण्यातून आली आहे. आणि ज्या स्ट्रीटवर तो ती अंथरतो, तो स्ट्रीटही मुळात अंथरलेलाच.

८. चमकणारे शब्द

सारख्या अक्षरांनी सुरुवात होण्याचं एक तिसरं कारणही आहे, ते थोडक्यात सांगतो. इंग्रजीत ‘ग्ल’ने सुरू होणारे ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लॉस असे बरेच शब्द चमकण्याशी जोडलेले आहेत. त्यांतले काही एका मुळाचे आहेत. ग्लो आणि ग्लास यांचं मूळ संस्कृत ‘हिरण्य’शी जोडलं जातं. पण एकदा असा घोळका जमला की बोलणाऱ्यांच्या कानाला ‘ग्ल’ म्हणजे चमक असंच वाटू लागतं, आणि परके शब्दही त्या घोळक्यात ओढले जातात. ‘ग्लॅमर’ हा मुळात ‘ग्रामर’चा स्कॉटलंडमधला उच्चार. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना व्याकरण म्हणजे मंत्रतंत्र वाटे, म्हणून त्याचा अर्थ आधी जादू झाला. पुढे जादूची मोहिनी झाली आणि ‘ग्ल’च्या संगतीत तो झगमगू लागला.

जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली अशा अक्षरगटांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. त्याआधी फर्थ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. मराठी माणसाला यात नवं वाटायचं कारण नाही: झगमग, झळाळी, झगझगीत, झकपक. अर्थात ‘झ’वरून झोपही येते आणि झाडूही, तेव्हा हा नियम नाही, ओढा आहे.

९. वहीवर करून पाहा

मुलाच्या वहीतली यादी घ्या. चांगल्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्दाच्या शेवटी त्याचं मूळ दिलेलं असतं. मराठी शब्दांसाठी कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ ग्रंथालयात मिळतो. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसलं की मूल एका संध्याकाळी चार-पाच शब्दांचा माग काढू शकतं. पाठांतराने जे स्पेलिंग आठवड्याभरात उडून जातं, ते असं शोधलेलं राहतं. मराठी माध्यमातल्या मुलाकडे तर यासाठी लागणारे अर्धे शब्द घरातूनच आलेले असतात.

सुरुवातीला एक सोडवून दाखवतो. बाई वर्गात आल्या की मुलं उठतात. ‘उठणे’ हा शब्द घ्या. त्यात एस-टी कुठेच दिसत नाही. मागे जाऊ. मराठी उठणे, प्राकृत उट्ठ, संस्कृत उत् अधिक स्था. स्थ प्राकृतात ठ होतो, हे आपण ठाणे या शब्दात पाहिलं, म्हणजे तिसरी कसोटी लागली. ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. त्याचं इंग्रजी भावंड आहे ‘आउट’. इथेही ग्रिमच्या नियमाने द चा ट झाला आहे, कारण या उपसर्गाचं मूळ रूप ‘उद्’ आहे. स्थाचं भावंड स्टँड.

म्हणजे उठणे या शब्दाचे दोन तुकडे जसेच्या तसे इंग्रजीत शेजारी ठेवले तर शब्द होतो ‘आउटस्टँड’. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असतो आउटस्टँडिंग, आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकलेल्या मेंटेनन्सची जी यादी लागते तिच्या रकान्यावरही तोच शब्द असतो.